निरंक

ती झेंडूची पाकळी होती. वाळून मातकट झालेली, कडेला मात्र अजून थोडा केशरी हट्ट धरून राहिलेली. आणि ती जिथे होती तिथे कोणत्याही फुलाला जागा नव्हती. गजेंद्र सर्व्हरच्या खोलीत दोन्ही गुडघे टेकून, मान वाकडी करून बसला होता. असं बसण्याचं कारण अगदी कार्यालयीन होतं: चौकशी समितीने त्याच्या अहवालावर उपकरणाचा अनुक्रमांक मागितला होता, आणि तो क्रमांक फायरवॉलच्या पोटात सरकवलेल्या मॉड्यूलच्या पत्र्यावर, अगदी कडेला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत कोरलेला होता. मॉड्यूलचा पत्रा आणि फायरवॉलची पेटी यांच्यामध्ये एक फट होती, पाकळीच्या जाडीहून थोडी अधिक. असायला नको होती. पत्र्यावरचा इवलासा दिवा हिरवा असतो. बिघाड झाला तर तांबडा होतो. तो हिरवा नव्हता. तांबडाही नव्हता. त्या दिव्याला काही म्हणायचंच नव्हतं. जबर धक्का बसला की मन प्रथम एखाद्या क्षुल्लक गोष्टीच्या आड जाऊन उभं राहतं. गजेंद्रच्या मनात पहिला विचार आला तो असा, की झाडणाऱ्या बाईने इथला कचरा काढलेला नाही आणि याबद्दल तिला बोललं पाहिजे.

मग तो उठला, खुर्चीत बसला आणि गेल्या चार महिन्यांत जो प्रश्न त्याने एकदाही विचारला नव्हता तो फायरवॉलला विचारला: तुझ्या पोटातलं मॉड्यूल कसं आहे? उत्तर तत्काळ आलं, कारण यंत्रांना भीड नसते. मॉड्यूल प्रतिसाद देत नाही. शेवटचा प्रतिसाद म्हणून ऑक्टोबरमधली एक तारीख होती. ती कसली तारीख हे कळायला त्याला कॅलेंडर लागलं नाही. पाकळीने ते आधीच सांगितलं होतं. त्याने उगाच मागे वळून पाहिलं. रॅकच्या डोक्यावर पूजेची पितळी वाटी होती. वाटीत हळद लागलेल्या अक्षता होत्या आणि अक्षतांत दोन छोटे स्क्रू होते, जपून ठेवल्यासारखे.

वाशीमच्या त्या धर्मादाय रुग्णालयात येणारी-जाणारी सगळी माहिती, केस पेपर, बिलं, रक्ताचे अहवाल, एका फायरवॉलमधून जात असे. फायरवॉल म्हणजे वेस: कोणी कुठून यावं आणि कुठून जाऊ नये एवढंच ती पाहते. पण वेशीतून रीतसर आत शिरणाऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हे ती पाहत नाही. त्यासाठी वेशीच्या आत झडती घेणारा बसवावा लागतो. मॉड्यूल म्हणजे तो झडती घेणारा. गेल्या पावसाळ्यात ते आलं तेव्हा रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या गजेंद्रने तीन आठवडे खपून ते लावलं होतं. कोणती वाहतूक त्याच्यासमोरून न्यायची, कशाला नुसतं टिपायचं, कशाला अडवायचं, सगळं स्वतः ठरवलं होतं. सुरुवातीला मॉड्यूल ओरडत असे. रोज शेकड्यांनी इशारे. संस्थेचे सचिव शालिकरामजी वैतागत. "भाऊ, रोज इतले हल्ले? आपल्या इथं काय सोनं पुरून ठेवलं हाये का?" गजेंद्र हसे आणि नियम घासूनपुसून घेई, खोटे इशारे गाळी. नवरात्रात त्याने नियमांवर शेवटचा हात फिरवला. आणि नवरात्र संपतासंपता इशारे एकदम थांबले. कोणत्याही कारागिराला वाटलं असतं तेच त्याला वाटलं: हात बसला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. वखर-विळ्यांना कुंकू लागतं, ट्रॅक्टरला झेंडूचे हार पडतात, शस्त्रक्रियागृहातल्या कात्र्याही त्या दिवशी ताटात मांडल्या जातात. पूजेचं तबक घेऊन पुंजाजी शिपाई सर्व्हरच्या खोलीत आला तेव्हा त्याच्यामागे दहा-बारा माणसं होती. थंडगार खोली पाहायची हौस सगळ्यांनाच होती. पुंजाजी फायरवॉलच्या पेटीला बोट लावणार तोच थबकला. "सायब, हे तं झाकन दिसते. झाकनाले कुकू लावून काय फायदा? हत्यार कोनतं हाये यातलं?" हा प्रश्न गजेंद्रला अतिशय आवडला होता. त्याने दोन स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि मॉड्यूल दोन बोटं बाहेर ओढलं, टिळा लावण्यासाठी लेकराची हनुवटी वर करावी तसं. पुंजाजीने पत्र्याच्या कडेला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, कोणीतरी फोटो काढला, पेढे आले. प्रयोगशाळेतल्या शुभांगीने प्रसादाचा द्रोण पुढे केला. गजेंद्रने एका हाताने द्रोण घेतला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मॉड्यूल आत ढकललं. आत गेल्यासारखं वाटलं. द्रोण हातात असताना स्क्रू आवळता येत नाहीत. आता हे सारं श्रद्धेच्या माथी मारणं सुशिक्षितांना सोयीचं पडेल, आणि ती सोय त्यांना मिळू नये. पूजेने यंत्र बंद पडलं होतं हे खरं. पण बंद पडलेलं यंत्र चार महिने न पाहायला कोणतीही श्रद्धा लागली नव्हती. त्याला फक्त एक शब्द पुरला होता.

तो शब्द निरंक. दर महिन्याला अहवाल आपोआप तयार होई: गंभीर घटना, निरंक. अडवलेली घुसखोरी, निरंक. सरकारी मराठीतला हा सर्वांत सात्त्विक शब्द. साथीचे रोग निरंक, भूकबळी निरंक, तक्रारी निरंक. जिथे पाहिलं गेलं नाही आणि जिथे काही घडलं नाही, अशा दोन संपूर्ण वेगळ्या जगांवर तो एकच पांढरी चादर पसरतो. अहवाल खोटं बोलला नव्हता, हे गजेंद्रला आता स्वच्छ दिसत होतं. मॉड्यूलने किती चोर पाहिले, एवढंच अहवालाला विचारलेलं होतं. मेलेल्याने किती चोर पाहिले? उत्तर अचूक होतं. या अचूकतेबद्दल सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर गजेंद्रचा सत्कार झाला. नारळ घरी गेला. शाल मात्र त्याने इथेच ठेवली होती; खोलीतल्या एसीची थंडी पाठीत भरे म्हणून ती खुर्चीच्या पाठीवर असे. ती आत्ताही त्याच्या खांद्याला चिकटून होती. त्याने ती झटकली नाही. झटकावी असं वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

कारण शाल झटकणं म्हणजे चूक मानणं, आणि मग शुभांगीचा चेहरा समोर आला असता, आणि तो तसाही आला. शुभांगी प्रयोगशाळेत टेक्निशियन. दिवाळीनंतर तिने केनवडला आणि आसपासच्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची शिबिरं केली होती, पोरापोरींचं रक्त घेतलं होतं. ज्यांच्या रक्तात तो दोष नुसता वस्तीला आहे, त्रास कसलाच नाही, अशांना वाहक म्हणतात. दोन्ही बाजू वाहक असतील तेव्हाच लग्नाआधी विचार करायचा, एवढीच गोष्ट. हे ती घरोघर समजावून सांगे, आणि अहवाल गुप्त राहील याची शपथ घेई. जानेवारीच्या अखेरीला ते अहवाल नावांसकट लोकांच्या मोबाइलवर फिरू लागले. केनवडच्या योगिनी नावाच्या मुलीचा साखरपुडा झालेला होता. मुलाकडच्यांनी साडी परत मागितली, आणि मागितली तीही घडी न मोडलेली. अजून दोन सोयरिकी मोडल्या. अहवाल मुलांचेही फुटले होते. एकाही मुलाची सोयरीक मोडली नाही.

गाव रुग्णालयावर आलं तेव्हा विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: चोर बाहेरचा की घरचा? बाहेरून कोणी शिरलं असतं तर मॉड्यूलने पाहिलं असतं. मॉड्यूल म्हणत होतं निरंक. म्हणजे घरचा; आणि घरात ते अहवाल उघडण्याचा अधिकार शुभांगीला होता. इतकं निर्दोष अनुमान. त्याचं मुख्य विधान गजेंद्रने स्वतःच्या सहीने पुरवलं होतं. आज दुपारी समितीपुढे त्या अहवालाची सही-शिक्क्याची प्रत ठेवायची, मग शुभांगीला कामावरून काढायचं आणि तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरलेलं होतं. मागच्या आठवड्यात ती कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "गजेंद्र सर, एक डाव तुमची मशीन पाहून घ्या ना. झोपली तं नसन?" आणि तो, चारचौघांत, चहाचा कप हातात धरून, म्हणाला होता, "मशीन कायले झोपते शुभांगीताई? तिले काय लेकरं हायेत रातच्याले जागवाले?" सगळे हसले. शुभांगीला दोन वर्षांचं लेकरू होतं आणि तिचे डोळे खरोखरच तारवटलेले होते. तीही हसली. ज्याला हसलं जातं त्याला हा कर वेगळा भरावा लागतो. आता खोलीत एसीच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता, आणि तरीही ते कँटीनमधलं हसणं त्याला ऐकू येत होतं. त्यात सर्वांत स्पष्ट त्याचं स्वतःचं होतं.

पण वेशीतला झडतीदार मेला तर वेस बंद व्हायला नको होती का? हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांनाही पडलेला असतो, म्हणून ते लावणाऱ्याला आधीच विचारून ठेवतात: मॉड्यूल बंद पडलं तर काय करायचं? दोनच पर्याय असतात. अडवा, किंवा चालू द्या. गजेंद्रने तेव्हा हा प्रश्न वर नेला होता. शालिकरामजी त्या वेळी सुपारी कातरत होते, अडकित्ता न थांबवता ते म्हणाले, "चालू द्या बावा. काम थांबलं नाई पाह्यजे. बिलाच्या खिडकीवर लोकं खोळंबले तं शिव्या मले खा लागतात, तुमाले नाई." गजेंद्रने खाली येऊन ती ओळ लिहिली. त्याला तेव्हा ती एका यंत्रातली एक ओळ वाटली होती. आता त्याला वाटलं, की आपल्याकडच्या प्रत्येक व्यवस्थेच्या पोटात कुठेतरी ती आधीपासूनच लिहिलेली आहे. पूल, शाळा, न्याय, जेवणाची पंगत, तपासणारा मेला तरी सारं चालू राहावं अशीच आपली जुळणी आहे, आणि ती चालते म्हणूनच तपासणारा मेला हे कोणाला कळत नाही. विचार मोठा होता. मोठ्या विचारांचा एक फायदा असतो: त्यांच्या गर्दीत आपली सही दिसेनाशी होते. हेही त्याला कळलं, आणि त्याने तो विचार सोडून दिला.

त्याच्या वडिलांची मंगरूळपीरच्या रस्त्याला बागायत होती. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. रात्री रानडुकरं येत. वडील राखणीच्या माळ्यावर कंदील टांगत आणि घरी येऊन निजत. डुकरांना वाटावं माणूस जागा आहे. दोन हंगाम वाटलं. मग एका सकाळी वांग्यांचे वाफे नांगरल्यासारखे उलथलेले होते आणि कंदील वर तसाच जळत होता, कोवळ्या उन्हात फिकट. वडील कितीतरी वेळ पिकाकडे न पाहता त्या कंदिलाकडेच पाहत राहिले होते. लहान गजेंद्रला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज त्याला वाटलं, त्यांनी निदान दिवा लावला होता. आपला तर विझलेला होता, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून, शाल पांघरून, त्याच्या उजेडात काम करत होतो.

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. मॉड्यूलच्या कडेला अंगठा टेकवला. नंतर कितीही आठवलं तरी त्या क्षणी आपल्या मनात काय होतं हे त्याला ठरवता आलं नाही: दुरुस्ती, की पुरावा पुसणं. अंगठ्याला दोन्ही सारखंच. खट्ट असा बारीक आवाज झाला. पाकळी चेपली, पण तिचं टोक वरच्या कडेला डोकावत राहिलं. दिवा पिवळा झाला, लुकलुकला, आणि हिरवा झाला. इतकं सोपं होतं. एका अंगठ्याने चार महिने मिटले होते, फायरवॉलवरच्या ऑक्टोबरच्या तारखेच्या जागी आता आजची आली असणार; स्क्रू आवळले की कोणालाही काही कळणार नव्हतं, निरंक खरं ठरणार होतं, आणि खरं ठरायला त्याला फक्त एका बाईची नोकरी लागणार होती. तो खुर्चीत येऊन बसला. तेवढ्यात स्क्रीनवर पहिली ओळ आली. मग दुसरी. मग ओळी मोजता येईनात. जन्मल्याबरोबर लेकराने टाहो फोडावा तसं मॉड्यूल ओरडू लागलं. अभिलेख कक्षातला एक संगणक बाहेरच्या एका अनोळखी पत्त्याशी बोलत होता. घाईघाईने नाही, चोरासारखं नाही. घरच्यासारखं, सावकाश, नळाला बारीक धार लागावी तसं काहीतरी बाहेर जात होतं. आत्ता. या क्षणी. चोर आला होता यापेक्षा भयंकर गोष्ट ही होती की तो गेलाच नव्हता. त्याला जाण्याची गरजच कोणी निर्माण केली नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. "या भाऊ लवकर," शालिकरामजींचा आवाज, "सारे बसले हायेत."

वरच्या दालनात तिघे होते: मधोमध शालिकरामजी, डावीकडे वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर वैजयंती, उजवीकडे विश्वस्त अमरसिंग. समोर, भिंतीजवळच्या खुर्चीत, शुभांगी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत.

"नंबर भेटला का मशीनचा?" शालिकरामजींनी विचारलं.

"भेटला."

"मंग वाचून दाखवा एक डाव. बाहेरून किती हल्ले झाले?"

"माहीत नाही," गजेंद्र म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "मॉड्यूल बंद होतं. खंडेनवमीपासून. पूजेला मी बाहेर ओढलं, ते नीट बसलंच नाही."

अमरसिंग आधी हसले. "चार महिने? अन् आमी तुमाले शाल देल्ली!"

"म्हणजे बाहेरून कोणी आलं असण्याची शक्यता आहे?" डॉक्टर वैजयंतींनी चष्मा काढला.

"आलेलं आहे. अजून आत आहे. आत्ता पाहून आलो."

शुभांगीच्या बोटाभोवतीची ओढणी थांबली. गजेंद्रला वाटलं की आता काहीतरी होईल. इशारा दिला गेला आहे, तो ऐकला गेला आहे, आता कुठेतरी काहीतरी अडेल.

"आता चालू हाये ना मशीन?" शालिकरामजींनी विचारलं.

"आहे."

"मंग झालं! मागचं कायले उकरता? वरती निरंक गेलं, ट्रस्टले निरंक गेलं. आता मी काय सांगू लोकायले, आमचा राखनदार मेला होता अन् आमी त्याची आरती करून राह्यलो होतो? लिहा, मशीन सुस्थितीत आहे."

"अन् माहं?" शुभांगी म्हणाली.

"तुह्यं काय? तुले कोन फाशी देऊन राह्यलं, बाई? राजीनामा दे. पोलिसात जात नाई आमी. गावाले काहीतरी दाखवा लागते ना."

डॉक्टर वैजयंतींनी चष्मा पुन्हा घातला आणि कागदाकडे पाहिलं. अमरसिंग खिडकीबाहेर पाहू लागले. कोणी ओरडलं नाही, कोणी दार आपटलं नाही. चौघांसमोरून एक गोष्ट गेली, सगळ्यांनी ती पाहिली आणि जाऊ दिली. गजेंद्रला त्या शांततेची ओळख पटली. दिवा विझलेल्या मॉड्यूलसमोर तो गुडघ्यांवर बसला होता, तेव्हाची होती ती. तो "आलोच" म्हणाला आणि जिना उतरला.

खाली आल्यावर त्याने आधी हे पाहिलं की अतिदक्षता विभागाची यंत्रं या वेशीतून जात नाहीत. कोणत्याही रुग्णाचा श्वास या तारेवर नव्हता. तरी पुन्हा एकदा पाहिलं. पाहणं हे क्रियापद त्याच्यासाठी नवीन होतं. मग त्याने ती ओळ उघडली. मॉड्यूल बंद पडलं तर काय करायचं? चालू द्या, हे खोडून त्याने लिहिलं: अडवा. आणि मॉड्यूलच्या कडेला नखं रोवून ते ओढलं, पाकळीची खूण जिथे होती तिथपर्यंत. दिवा गेला. स्क्रीनवरची धार थांबली. त्यासोबत सगळंच थांबलं: बिलाची खिडकी, केस पेपर, औषधांचं दुकान, सचिवांच्या टेबलावरचा संगणक. रुग्णालय चार महिन्यांत पहिल्यांदा सुरक्षित होतं. आधी एका खिडकीवरून ओरडा आला, मग दुसऱ्या. "ओ कॅशियर, काहून थांबले बावा?" गजेंद्र शालीची खुर्ची टाळून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. तिघेही दारात आले, त्यांच्यामागे शुभांगी.

"काहून थांबलं?" शालिकरामजींना धाप लागली होती.

"मी थांबवलं."

"चालू करा."

"आतला चोर काढल्याशिवाय नाही. त्यासाठी बाहेरचा तपास बोलवावा लागेल. तपासवाल्यांना तारीख सांगावी लागेल, केव्हापासून ते."

"कोनती तारीख? कोन म्हणते? पुरावा काय हाये तुमच्याजवळ? आता तुमीच तं ओढलं ते!"

गजेंद्र रॅककडे वळला. त्याने खाली फटीकडे बोट दाखवलं. शालिकरामजींनी बोटाकडे पाहिलं, डॉक्टरबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, अमरसिंगांनी शालीकडे. वाकलं कोणीच नाही. मग त्या तिघांमधून वाट काढत शुभांगी पुढे आली, गुडघ्यांवर बसली, आणि फटीच्या कडेला चिकटलेली चपटी पाकळी तिने नखाने अलगद सोडवली. तळहातावर घेऊन उजेडात धरली. पाकळीच्या देठाशी कुंकवाचा एक कण अजून होता.

"नवमीचं फूल हाये हे," ती म्हणाली. "आपन सारेच होतो. परसाद मीच वाटला."

वरून कोणीतरी अजून ओरडत होतं. शालिकरामजींनी हात पुढे केला, सवयीने, जसा सहीचा कागद मागतात तसा. "दे इकडं. फाइलले लावून ठेवतो."

शुभांगीने पाकळी ओढणीच्या टोकात ठेवली, गाठ मारली, आणि गाठ दातांनी आवळली.

"राहू द्या माह्याजवळ," ती म्हणाली. "तुमच्या इथून सारं बाहेर जाते."